सहा नंबरचा बिल्ला

१

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराची एक शेड होती. १९८६ च्या एप्रिलमध्ये त्या शेडमध्ये सहा संगणक तयार होऊन बसले होते आणि सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांना भाजायला घालायचं होतं.

भाजणं हा शब्द तिथं काम करणाऱ्या पाच बायकांचा. ही शेड उभारणारा पुंजाराम गांगुर्डे इंग्लंडातून शिकून आला तेव्हा त्याच्या वहीत या कामाला लांबलचक नाव होतं. नवं यंत्र बंद खोलीत, पन्नास अंश उष्णतेत, सलग बहात्तर तास चालवायचं. आतला एखादा भाग कच्चा असेल तर तो इथंच मरतो, इथं टिकला तर पुढं वर्षानुवर्षं टिकतो. पाचही बायकांना त्याने हे फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. अंबूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे मडक्यासारखंच की. कच्चं असलं तर आव्यातच फुटतं." तेव्हापासून त्या खोलीचं नाव भट्टी.

पुंजारामला त्या नावाचा आनंद झाला होता. त्याला इथल्या सगळ्याचाच आनंद होत असे. त्याचे वडील हरसूलच्या आरोग्य केंद्रात कंपाउंडर होते. लसीकरणाची वही वाळवीने खाल्ली म्हणून दोन पाड्यांतली पोरं लसीवाचून राहिलेली त्याने लहानपणी पाहिली होती. त्याला गार हवेच्या खोलीत ठेवायचा संगणक करायचा नव्हता. वैशाखात, पत्र्याखाली, पंख्यावाचून चालेल असा करायचा होता, आणि तो इथल्याच हातांनी. लीड्समध्ये मित्रांनी त्याला वेड्यात काढलं. तो परत आला. कांद्याच्या चाळीत निवडणी करणाऱ्या सुमनबाईंच्या हातात त्याने तारा सांधायला डाग देण्याची तापती कावी दिली, आणि सहा महिन्यांत त्या त्याच्याहून सफाईने डाग देऊ लागल्या.

"मला साहेब म्हणू नका, भाऊ म्हणा," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बायकांना ते जमेना. शेवटी 'भाऊसाहेब' यावर तडजोड झाली.

भट्टीचं दार पिंपळगाव बसवंतच्या एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजचं होतं. वीतभर जाड. ते लागलं की आतल्या गरम हवा फिरवणाऱ्या पंख्यांचा घरघराट एकदम कापल्यासारखा थांबे. ते आतून उघडायचा दांडा कधीच निघून गेला होता. नवा बसवायचा होता. राहून गेला होता. म्हणून बिल्ले. पुंजारामने पत्र्याचे सहा गोल बिल्ले कापून घेतले, त्यांवर आकडे ठोकले. आत जाणारीने आपला बिल्ला दाराशेजारच्या खिळ्यावर अडकवायचा, बाहेर आली की काढून घ्यायचा. पाच बायकांचे पाच. सहावा त्याने स्वतःसाठी केला होता, कारण नियम सगळ्यांना सारखा. पण तो कायम त्याच्या टेबलाच्या खणात असे. त्याचं आत जाणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. त्यासाठी कोण खण उघडतो.

भिंतीवर त्याने ऑइलपेंटने लिहून ठेवलं होतं: 'दार उघडं दिसल्यास आधी खिळे पाहा. बिल्ला नसेल तर दार ताबडतोब लावा.'

मार्चमधली पहिली चाचणी फसली होती. बायका मधूनच दार उघडून आत जात, यंत्रांना पुठ्ठ्याने वारा घालत. "चटके बसत्यात हो त्यांना," असं म्हणत. उष्णता खालीवर झाली, कागदावरच्या रेघा वाकड्यातिकड्या आल्या, आणि मुंबईहून आलेल्या आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याने कागद गुंडाळून परत दिला. "एकदा अजून बघू. बहात्तर तासांचा अखंड आलेख दाखवा. नाही तर हे काम मुंबईच्या कंपनीकडे जाईल."

तसं झालं तर शेड रिकामी करावी लागणार होती. सुमनबाई पुन्हा कांद्याच्या चाळीत, आणि हरसूलला पुन्हा वाळवी.

म्हणून या खेपेला त्याने यंत्रांभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा केला. त्याला कुलूप लावलं, किल्ली खणात टाकली. हीटर छताला, सगळी बटणं बाहेर. सोमवारी दहाला एकेक बाई बाहेर आली, एकेक बिल्ला खिळ्यावरून निघाला. सहाही खिळे रिकामे झालेले त्याने स्वतः मोजले आणि दार लावलं.

२

दाराबाहेरच्या टेबलावर आलेखयंत्र होतं. कागदाचा गुंडाळा सावकाश सरके आणि सहा पेनं त्यावर सहा रेघा ओढत. एकेका संगणकाच्या पोटात एकेक बारीक तार सोडलेली होती. आत जेवढं तापेल तेवढी रेघ वर. समोर रजिस्टर घेऊन सुमनबाई बसत आणि दर तासाला आकडे लिहीत.

दुपारी तीनला रेघा पन्नाशीच्या वर जाऊन स्थिरावल्या. बायका मागच्या पडवीत चहाला गेल्या, परत आल्या. जरा वेळाने सुमनबाईंनी हाक मारली.

"भाऊसाहेब, हे चार नंबरचं पेन बघा."

पाच रेघा ताणलेल्या दोरीसारख्या सरळ होत्या. चौथ्या रेघेला खाचा पडत होत्या. बारीक, गव्हाच्या दाण्याएवढ्या. तीन खाचा, मग थोडी सरळ रेघ. पुन्हा तीन. तीन-वीसपासून.

"तार ढिली झाली असेल," पुंजाराम म्हणाला. "चार नंबरची तेवढी पोटात बसली नाही म्हणून बाहेर, जाळीच्या बाजूला चिकटवलीय. पंख्याच्या वाऱ्याने हलत असेल."

"वारं मोजून येतं का?"

"यंत्र कशानेही हलतं, सुमनबाई. लय असते त्याला."

त्या नुसत्या पेनकडे बघत राहिल्या. चारच्या सुमाराला पुन्हा म्हणाल्या, "आता चार झाले बघा. तिनाचे चार केले. जसं काय आपलं लक्ष नाय म्हणून बदलून बघितलं."

मागून अंबूबाई हसल्या. "त्या यंत्राच्या पोटात बसलंय कोणीतरी! सुमे, पत्रिका वाचतीस का काय?"

"तू गप गं. तुला काय कळतंय!"

पुंजारामही हसला. पण बायकांच्या मनात असलं काही शिरू द्यायचं नाही, हे त्याने ठरवलेलं होतं. एकदा शिरलं की पुन्हा पुठ्ठे, पुन्हा वारा. त्याने रजिस्टर ओढून घेतलं आणि लाल शाईने ठळक लिहिलं: 'क्र. ४ ची तार ढिली आहे. त्या रेघेकडे लक्ष देऊ नये. कोणत्याही कारणाने दार उघडू नये.' खाली सही केली.

"वाचा," तो म्हणाला.

सुमनबाईंनी मोठ्याने वाचलं. वाचायलाही त्यानेच शिकवलं होतं.

३

साडेपाचला पाळी सुटली. बायका पदर सावरत, डबे घेत बाहेर पडू लागल्या. अंबूबाई दाराशी थबकल्या.

"भाऊसाहेब, आज बरे सापडलात! तुमचा बिल्ला हितंच लटकतोय."

शेवटच्या खिळ्यावर सहा नंबरचा बिल्ला होता.

पुंजारामने तो काढून हातात घेतला. बिल्ला कोमट होता. दाराच्या चौकटीची ऊब लागली असणार. सकाळी खिळे रिकामे होते. त्याने मोजले होते. सहा मोजले होते की पाच? पाच बायका म्हणून पाच मोजून हात थांबला असेल. माणूस जे बघायचं ठरवतो तेवढंच बघतो, हे तर तिकडे पहिल्या वर्षालाच शिकवतात.

"कोणी लावला हा?"

"आम्ही कशाला तुमच्या खणात हात घालू?" अंबूबाई म्हणाल्या. "आत-बाहेर करताना तुम्हीच लावला आसंल. बरं झालं, एकदा तरी लावलात."

बायका हसल्या. सुमनबाई हसल्या नाहीत. त्या खिळ्याकडे बघत होत्या.

"बिल्ला हाय म्हंजे माणूस आत हाय," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलंय तसं."

"मी तुमच्यासमोर उभा आहे, सुमनबाई."

"ते दिसतंय मला."

त्याने बिल्ला पँटच्या खिशात टाकला. खण दोन पावलांवर होता, पण त्याला तेवढं थांबवेना. घरी जाईपर्यंत बोटं सारखी खिशात जात होती.

४

रात्रपाळीला चिमाजी वॉचमन असे. तो निवृत्त जवान. लिहिलेला हुकूम पाळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मंगळवारी सकाळी पुंजाराम नऊला पोचला तेव्हा चिमाजीच्या अक्षरातली आकड्यांची रांग रजिस्टरमध्ये चोख होती. चार नंबरच्या रकान्यात त्याने दर तासाला एकच शब्द लिहिला होता: 'ढिली'.

साडेआठच्या पाळीला आलेल्या सुमनबाईंनी रात्रीचा कागद जमिनीवर उलगडून ठेवला होता. त्या त्याच्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या.

"थांबलं ते," त्या म्हणाल्या.

पुंजाराम गुडघ्यांवर बसला. कागदावरून त्याचं बोट सरकत गेलं. संध्याकाळी सात, खाचा खोल, तीन-तीन. नऊला पाच. अकराला पुन्हा तीन, पण मधलं अंतर वाढलेलं. पहाटेकडे खाचा उथळ होत गेलेल्या, एक खाच, मग बराच वेळ काही नाही, मग अर्धी. सकाळी सव्वाआठला एक शेवटची, केसाएवढी. त्यानंतर चौथी रेघ बाकीच्या पाचांसारखी सरळ.

"तार बसली जागेवर," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला.

"थकत थकत बसती का तार?"

"उष्णतेने धातू पसरतो. हळूहळू पसरतो, हळूहळू बसतो."

"भाऊसाहेब, तुम्ही शिकलेले. मी तुमचं ऐकून हितवर आले." सुमनबाईंनी कागदावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "एकदा दार उघडून बघा. एकदाच. कोणी नसलं तर नसलं."

"उघडलं तर आलेख तुटेल."

"तुटू द्या."

"तुटू द्या? गुरुवारी दहाला साहेब येणार. काय दाखवू त्यांना? तुम्ही परत चाळीत जाल का?"

"जाईन," सुमनबाई म्हणाल्या.

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तो रागावला, एवढा रागावला की नंतर दिवसभर त्याला स्वतःचीच लाज वाटली. अंधश्रद्धा, अडाणीपणा, पुन्हा चुलीपाशी, असे सगळे शब्द त्याने वापरले. सुमनबाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी कागद गुंडाळला, दोरी बांधली.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता नाय विचारणार. रेघ वाकडी झाली काय आन् सरळ झाली काय, तुम्ही लिहिलंय तेच मी लिहिणार."

"तेच हवंय मला," पुंजाराम म्हणाला.

त्या दिवशी रेघा सरळ राहिल्या. सहाही. तो दर दहा मिनिटांनी उठून बघत होता. सरळ रेघ बघून माणसाला बरं वाटायला हवं. त्याला वाटत होतं, आपण कुणाला तरी हाक मारायचं राहून गेलंय.

५

बुधवारी दुपारी अडीचला तो निघाला. अधिकारी पाचच्या गाडीने नाशिकरोडला उतरणार होते, विश्रामगृहात राहणार होते आणि गुरुवारी दहाला दार त्यांच्यासमोर उघडायचं होतं. "स्टेशनला जातोय," त्याने बायकांना सांगितलं. "आता उद्याच येईन." घरीही सांगून ठेवलं होतं, रात्री साहेबांबरोबर उशीर होईल, वाट बघू नका.

बसथांब्यावर ऊन मी म्हणत होतं. बिल्ला खिशातच होता. बोटं त्याच्यावरचा आकडा चाचपत होती. बस आली. तो पायरीवर चढला, कंडक्टर म्हणाला, "पुढं सरका," आणि पुंजाराम उतरला.

त्याने स्वतःला नीट समजावलं. भीती वगैरे काही नाही. अधिकाऱ्याने सोमवारच्या खाचांबद्दल विचारलं तर तार ढिली होती असं सांगायचं, पण आपण ती पाहिली कुठे? न पाहिलेलं सांगणं हे विज्ञान नव्हे. दोन मिनिटं आत जाऊन तार बघायची. उष्णता एखाद्या अंशाने उतरेल, पुन्हा चढेल, आलेखात कळणारही नाही. जे करू नका म्हणून त्याने पाच बायकांना बजावलं होतं तेच आपण करतोय, हे त्याच्या लक्षात आलं. पण पावलं उचललेली होती.

तो पोचला तेव्हा सव्वातीनला थोडा वेळ होता. बायका पडवीत चहाला होत्या. कपांचा आवाज येत होता, अंबूबाई कुणाची तरी नक्कल करत होत्या. टेबलापाशी कोणी नव्हतं. सहा रेघा सरळ चालल्या होत्या. त्याने दाराचा दांडा ओढला, दार उघडलं, फटीत वीट सरकवली. खिळे रिकामे होते. खिशातल्या बिल्ल्याला हात लागला. दोन मिनिटांचं तर काम.

आतल्या उष्णतेने डोळे सुकले. पंख्यांचा घरघराट कानात भरला. छताखाली एक पिवळा दिवा. खोली रिकामी होती. लपायला जागाच नव्हती तिथं. पिंजऱ्याला कुलूप होतं. तो चौथ्या यंत्रापाशी गेला आणि वाकला.

तार जागेवर होती. त्याने जाळीतून बोटाचं टोक लावून बघितलं. घट्ट. तिला ढिली व्हायला वावच नव्हता.

मग त्याला जाळी दिसली. तारेच्या समोर, वाकलेल्या माणसाचं तोंड येईल तिथं, जाळीचे दोन चौकोन बाहेरच्या बाजूला ओढलेले होते. त्यांच्या कडांचा रंग उडून लोखंड चकाकत होतं. आणि त्यामागं, यंत्राच्या करड्या पत्र्यावर, आरशावर श्वास सोडल्यावर उमटतो तसा एक धूसर गोल होता. ओठांएवढा.

पन्नास अंशात पत्र्यावर वाफ धरत नाही, त्याने मनाशी म्हटलं.

गोल कडेकडून आत आटत गेला. नाण्याएवढा झाला. डाळीएवढा. गेला.

मागे वीट सरकल्याचा आवाज झाला.

"कोणी उघडं टाकलं गं हे?" अंबूबाईंचा आवाज, दबलेला, घाबरलेला. "बिल्ला तर नाय कोणाचा. भाऊसाहेब खातील आता. कोणी बोलू नगा, मी लावते."

"अंबूबाई!" तो ओरडला तेव्हा फट बोटभर उरली होती. पंखे घरघरत होते.

दार लागलं.

६

आधी त्याने दार ठोकलं. मूठ दुखली तेव्हा चप्पल काढून ठोकलं. बाहेर असताना या दारातून काहीच ऐकू येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? दाराच्या आतल्या अंगाला, जिथं दांडा असायला हवा होता, तिथं बोट जाईल एवढं भोक होतं. हीटर हाताला येत नव्हते. यंत्रांना हात लावू नये म्हणून त्याने पिंजरा केला होता, आणि पिंजरा चांगला झाला होता.

तो खाली बसला. विचार कर, स्वतःला म्हणाला. या खोलीतून बाहेर काय जातं? आवाज जात नाही. उजेड जात नाही. उष्णता जाते, सहा तारांनी, सहा पेनांपर्यंत. पाच तारा यंत्रांच्या पोटात, स्क्रू आवळून बंद केलेल्या. एकच जाळीजवळ होती.

माणसाचा श्वास पन्नास अंशांपेक्षा गार असतो.

तो उठला तेव्हा त्याला जवळजवळ हसू आलं होतं. जाळीत तोंड खुपसता येईना म्हणून तो दोन्ही हातांची बोटं घालून चौकोन बाहेर ओढायला गेला. बोटं खाचांत बरोबर बसली. जाळी ओढायची गरजच नव्हती. ती ओढलेलीच होती.

त्याने घड्याळ पाहिलं. तीन-वीस.

छाती भरून श्वास घेतला आणि तारेवर लांब फुंकर घातली. थांबला. दुसरी. तिसरी. वारा तीनदा मोजून येत नाही, ते कुणालाही कळेल. थोडं थांबून पुन्हा तीन. बाहेर आता बायका चहाहून आल्या असतील. सुमनबाई टेबलाशी बसल्या असतील. चौथ्या रेघेला गव्हाच्या दाण्याएवढी खाच पडत असेल.

आणि त्यांच्यासमोर रजिस्टर उघडं असेल. लाल शाई, खाली सही.

तो चारच्या सुमारापर्यंत तीन-तीन करत राहिला. घाम डोळ्यांत उतरत होता आणि उतरता उतरता वाळत होता. मग त्याला सुचलं, आकडा बदलायचा. तिनाचे चार करायचे. मुद्दाम केलेलं कळेल. त्याने चार फुंकरा घातल्या आणि पाचवा श्वास घेताना थांबला. सोमवारच्या कागदावरही याच सुमाराला चार होते. नऊच्या सुमाराला पाच. तो जे काही करून बघेल ते त्याने आधीच बघितलेलं होतं, बोट फिरवत, सकाळी सव्वाआठपर्यंत. साडेआठला पाळी सुरू होते. दहाला दार उघडायचं आहे.

खिशात हात गेला. बिल्ला इथंच होता. बाहेर खिळ्यावर असता तर.

साडेपाच वाजेपर्यंत सुमनबाई टेबलाशी आहेत. साडेपाचनंतर चिमाजी येईल आणि रकान्यात 'ढिली' लिहील. सुमनबाई पेनकडे बघत असतील. शेजारी अंबूबाई असतील, दाराबद्दल एक अक्षर न बोलता. आता नाय विचारणार, असं सुमनबाई म्हणाल्या होत्या. त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. म्हणून तर त्याने त्यांना टेबलावर बसवलं होतं.

त्याने जाळीला कपाळ टेकवलं, ओठ तारेसमोर आणले. करड्या पत्र्यावर ओठांएवढा धूसर गोल उमटला, आटला, पुन्हा उमटला. दीड वर्षं त्याने त्या बाईला एकच गोष्ट शिकवली होती, आणि आता प्रत्येक फुंकरीसरशी तो मनातल्या मनात तिला विनवत होता: माझं ऐकू नका, सुमनबाई. एकदाच माझं ऐकू नका.